ध्वनि-चित्रमुद्रणाआधी दिशा लिहा : भाषाविज्ञान विभागांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातील विद्यापीठांच्या भाषाविज्ञान विभागांचे प्रमुख व प्राध्यापक, तसेच ऑस्ट्रेलियातील आदिवासी भाषांच्या नोंदणीचे काम हाती घेऊ पाहणारे विद्यार्थी

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे भाषाविज्ञान शिकून ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषांवर काम करायला जाणाऱ्या, किंवा इथेच बसून तिथल्या संग्रहांतली जुनी ध्वनिमुद्रणे व चित्रमुद्रणे (यापुढे नुसते ‘मुद्रण’) लिहून काढायला घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तयारीबद्दल हे पत्र आहे. मागणी एकच. क्षेत्रकार्याच्या अभ्यासक्रमात एक नियम सक्तीचा करा : बोलणाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, कॅमेऱ्याचे भिंग कोणत्या दिशेला आहे आणि आपण नेमके कुठे बसलो आहोत, हे लिहिल्याशिवाय मुद्रणाचे बटण दाबायचे नाही. ही नोंद नसलेले काम अपुरे समजून विद्यार्थ्याला परत करा.

एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कशाला, असे वाटेल. रूढ नोंदपत्रकात भाषा, बोलणाऱ्याचे नाव, गाव, तारीख, यंत्र, परवानगी यांचे रकाने असतात. तोंडाच्या दिशेचा नसतो. रकानाच नाही म्हणून कोणी विचारत नाही, आणि विचारले नाही ते पुढे कधीच कळत नाही. ज्या भाषांत कोण कुठे आहे आणि कोण कुठून कुठे गेले हे खऱ्या दिशांवरून सांगतात, त्यांचे तासन्‌तासांचे मुद्रण या एका आकड्यावाचून अर्धे मुके होते. खरेदीखताच्या चतुःसीमेत ‘डाव्या अंगाला अमक्याचे शेत’ असे कोणी लिहीत नाही, कारण खत वाचणारा कुठे तोंड करून उभा असेल ते लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. मुद्रण ऐकणाराही असाच पन्नास वर्षांनी, दुसऱ्या गावी बसून ऐकणार असतो.

१७८८ साली ब्रिटिश वसाहत सुरू झाली तेव्हा ऑस्ट्रेलियात अडीचशेहून अधिक भाषा होत्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या राष्ट्रीय आदिवासी भाषा पाहणीत १२३ भाषा कमीअधिक वापरात असल्याचे नोंदले आहे. त्यांतल्या जेमतेम १२ भाषा लहान मुलांसकट सगळ्या वयांची माणसे बोलतात. बाकीच्या भाषांत अनेकदा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच अस्खलित बोलणारे उरले आहेत, आणि तेही वृद्ध. म्हणजे मुद्रणाची संधी एकदाच येते. ‘पुढच्या वेळी नीट करू’ म्हणायची सोय तिथे नाही.

त्यातही जागा आणि हालचाल सांगण्याची रीत शब्दांच्या आधी जाते, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगायला हवे. नॉर्दर्न टेरिटरीतल्या काल्कारिंजी परिसरातल्या गुरिन्जी समाजाची तरुण पिढी आज गुरिन्जी आणि क्रिओल (तिथली इंग्रजीवर आधारलेली भाषा) यांच्या मिश्रणातून तयार झालेली भाषा बोलते. भाषाशास्त्रज्ञ फेलिसिटी मीकिन्स यांनी या बदलाचा बारकाईने अभ्यास केला आहे. चार दिशांची मुळे नव्या भाषेत आली, पण ‘उत्तरेकडून’, ‘उत्तरेच्या दिशेने’ अशी एकेका मुळाला प्रत्यय लागून होणारी जुन्या गुरिन्जीतली रूपे फार घटली. शब्दयादी घेऊन गेलेला विद्यार्थी तरुण माणसाला ‘उत्तर’ विचारतो, शब्द मिळतो, रकान्यात ‘टिकून आहे’ अशी खूण होते. जे गेले त्यासाठी यादीत प्रश्नच नसतो.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. केप यॉर्क द्वीपकल्पावरच्या होप व्हेल इथली गूगू यिमिथिर ही भाषा या विषयात सर्वांत जास्त अभ्यासली गेली. ‘कांगारू’ हा शब्द १७७० साली कॅप्टन कुकच्या माणसांनी ज्या भाषेतून टिपला, तीच ही. जॉन हॅविलँड आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी दाखवून दिले की या भाषेत माणसाच्या शरीरावर बेतलेले डावे-उजवे जागा सांगायला वापरतच नाहीत. हातांची नावे आहेत, पण ‘पेला बशीच्या डाव्या बाजूला’ असे म्हणता येत नाही. तिथे गुंग्गा- म्हणजे उत्तर, जिबा- म्हणजे दक्षिण, नागा- म्हणजे पूर्व आणि गुवा- म्हणजे पश्चिम, ही चार मुळे कामाला येतात. सतरंजीवरच्या दोन वस्तूंनाही आणि दहा कोसांवरच्या दोन गावांनाही तीच.

या चार दिशा होकायंत्रावरच्या चार बिंदूंसारख्या नाहीत, हे पक्के लक्षात ठेवावे. प्रत्येक दिशा म्हणजे आकाशाची एक पाव फाक, आणि सगळी चौकट आपल्या चौकटीपेक्षा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुमारे १७ अंश फिरलेली. खरी उत्तर ० अंश, पूर्व ९० अंश धरून गणित करून पाहा. तिथल्या उत्तरेचा मध्य १७ अंशांवर येतो, म्हणून ती फाक साधारण ३३२ अंशांपासून ६२ अंशांपर्यंत पसरते. बोलणाऱ्याने ५५ अंशांवर हात केला आणि तोंडाने ‘उत्तर’ म्हटले, तर आपल्या चौकटीत तो हात पूर्वेच्या फाकेत पडतो. विद्यार्थी वहीत लिहितो, ‘बोलणाऱ्याचा घोटाळा झाला’. बोलणारा अगदी बरोबर असतो. अंश लिहिलेले असतील तर पाच-पन्नास हातवारे जमवून चौकट किती फिरलेली आहे हे नंतर काढता येते. ‘उत्तरेकडे हात केला’ एवढेच लिहिले असेल तर काही काढता येत नाही.

होडी उलटल्याची गोष्ट या अभ्यासात प्रसिद्ध आहे. होप व्हेलच्या एका वृद्ध गृहस्थांनी समुद्रात होडी उलटून जीव कसा वाचवला ते १९८० साली सांगितले आणि १९८२ साली पुन्हा सांगितले. दोन्ही वेळा चित्रीकरण झाले. पहिल्या वेळी त्यांचे तोंड पश्चिमेला होते, दुसऱ्या वेळी उत्तरेला. होडी कशी पलटली ते दाखवताना पहिल्या चित्रीकरणात त्यांचे हात स्वतःपासून पुढच्या बाजूला गोल फिरतात. दुसऱ्यात उजवीकडून डावीकडे फिरतात. बसण्याच्या दिशा माहीत नसत्या, तर कोणीही म्हणाले असते की हातवारे ज्याच्या त्याच्या मर्जीचे, दोनदा सारखे यायचे नाहीतच. दिशा माहीत होत्या म्हणून कळले की दोन्ही वेळा हात पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरले होते. होडी त्याच बाजूला पलटली होती. हॅविलँड यांचे सगळे विवेचन या दोन ओळींच्या नोंदीवर उभे आहे.

याच्या उलट टोकाची चूकही होते, आणि ती हुशार विद्यार्थ्यांकडून जास्त होते. गूगू यिमिथिरबद्दल वाचून ते ठरवतात की ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या भाषा अशाच, आणि मग जिथे-तिथे चार दिशाच हुडकत बसतात. नॉर्दर्न टेरिटरीतल्या वाडेये इथली मुरिन्पाथा ही आजही मुले शिकत असलेली जोमदार भाषा. तिच्यात डावे-उजवेही वापरत नाहीत आणि पूर्व-पश्चिमही नाही. जागांची नावे आणि नेमका रोखलेला हात यांवर सगळे भागते. अशा भाषेचे नुसते ध्वनिमुद्रण केले तर जागेबद्दलची निम्मी माहिती मुद्रणात येतच नाही, कारण ती तोंडातून निघतच नाही. डेली नदीकाठच्या मलकमलक भाषेत सूर्याचा मार्ग, ठरावीक वारे आणि नदीचे दोन काठ यांवरून दिशा सांगतात. व्हिक्टोरिया नदीच्या खोऱ्यातल्या जामिनजुंगमध्ये प्रवाहाच्या वर की खाली, हे महत्त्वाचे. क्वीन्सलँडच्या पर्जन्यवनातल्या जिर्बलमध्ये नामाबरोबर येणाऱ्या दर्शक शब्दाला प्रत्यय लागतात : चढावर जवळ, चढावर लांब, उतारावर जवळ, उतारावर लांब, नदीच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, पैलतीरी. कोकणातून घाटावर चढणाऱ्या माणसाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. मात्र तिथे हे सगळे व्याकरणात बसलेले आहे. म्हणून दिशेच्या नोंदीबरोबर उतार कुठे आहे, पाणी कुठून कुठे वाहते, समुद्र कोणत्या अंगाला आहे, हेही त्याच पानावर यायला हवे. कोणती भाषा कशावर टेकते हे आधी ठरवू नये. सगळे लिहावे, मग भाषेलाच ठरवू द्यावे.

आता हालचालीबद्दल. मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी भाषेत ‘यानी’ म्हणजे जाणे. त्याला ‘-र्नि’ लागले की बोलणाऱ्याकडे, म्हणजे आपण ज्याला येणे म्हणतो ते. ‘-र्रा’ लागले की बोलणाऱ्यापासून दूर. ‘-म्पा’ लागले की समोरून, ओलांडून पुढे. हे तुकडे शब्दाच्या शेवटी येतात, त्यांवर आघात नसतो आणि भरभर बोलण्यात ते पुढच्या शब्दात मिसळतात. लिहून काढणाऱ्याच्या कानातून सर्वांत आधी तेच निसटतात. शिवाय मधली भाषा इंग्रजी असेल तर भाषांतर करून देणारी व्यक्ती नुसते ‘तो गेला’ सांगून मोकळी होते. उपाय सोपा आहे पण वेळखाऊ : वाक्य निम्म्या वेगाने ऐकायचे, शेवटचे अक्षर वेगळे लिहायचे आणि दुसऱ्या बोलणाऱ्याकडून ते वाक्य सावकाश पुन्हा म्हणवून घ्यायचे. एका मिनिटाच्या मुद्रणाला एक तास लागला तरी तो जास्त समजू नये.

अ‍ॅलिस स्प्रिंग्स भागातल्या अरेर्न्टे भाषेत याच्याही पुढची गोष्ट आहे. ‘बघून ये’, ‘जाता जाता उचल’, ‘परत जाऊन सांग’ हे आपण दोन-तीन शब्दांत म्हणतो. अरेर्न्टेमध्ये ते एकाच क्रियापदाच्या पोटात प्रत्यय होऊन बसते : येताना करणे, जाऊन करणे, परत जाऊन करणे, करून निघणे, बाजूने जाताना करणे. शेजारच्या केटेटय भाषेवर लिहिताना हॅरल्ड कॉख यांनी १९८४ साली या वर्गाचे ‘सहगती’ अशा अर्थाचे नामकरण केले आणि पुढे डेव्हिड विल्किन्स यांनी अरेर्न्टेची सविस्तर मांडणी केली. ‘येणे’ या क्रियापदाबद्दलही विल्किन्स यांचे निरीक्षण मोलाचे आहे. अरेर्न्टेतले ‘येणे’ पोहोचण्याची हमी देत नाही. बोलणाऱ्याच्या रोखाने हालचाल झाली, की माणूस वाटेत थांबला तरी ते लागू पडते. हे खोलीत बसून कळणार नाही. दोन माणसांना प्रत्यक्ष चालवावे लागते : एक बोलणाऱ्याच्या रोखाने येऊन मध्येच थांबतो, दुसरा पुरता येऊन पोहोचतो, तिसऱ्या खेपेला कोणी बाजूने निघून जातो, आणि प्रत्येक वेळी आत्ता काय झाले ते विचारायचे. चालणाऱ्याची दिशा अंशांत, बोलणाऱ्यापासूनचे अंतर पावलांत. हा प्रयोग अर्ध्या तासात होतो आणि दहा प्रश्नावल्यांचे काम करतो.

साधने फार लागत नाहीत, पण जी लागतात त्यांत फसगत होते.

पहिली फसगत होकायंत्राची. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाइतकाही फरक नसल्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना दुरुस्तीची सवय नसते. ऑस्ट्रेलियात हा फरक जागोजागी बदलतो. अ‍ॅलिस स्प्रिंग्सजवळ काटा खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला सुमारे ५ अंश, केर्न्सजवळ सुमारे ७ अंश आणि सिडनीत १२-१३ अंश असतो; पर्थजवळ तो उलट एक-दोन अंश पश्चिमेला जातो. केर्न्सच्या बाजूला काटा २६३ दाखवत असेल तर त्यात ७ मिळवायचे, म्हणजे २७०, खरी पश्चिम. वहीत दोन्ही आकडे लिहावेत, नाहीतर दुरुस्ती केली होती की नाही यावर पुढे वाद होतो. दुसरे म्हणजे भारतात घेतलेले होकायंत्र तिकडे अडते. दक्षिण गोलार्धात चुंबकीय बल काट्याचे दक्षिण टोक खाली ओढते, आणि आपल्या भागासाठी तोललेला काटा तिरका होऊन डबीच्या तळाला घासतो. तिथेच विकत घ्यावे, किंवा सर्व भागांत चालणारे घ्यावे. फोनमधल्या होकायंत्रावर भिस्त ठेवू नये. गाडीचा पत्रा, ध्वनिवर्धकातले चुंबक, चुंबकी झाकणाचे पाकीट, लोखंडी तिवई, कशानेही ते वीस-तीस अंशांनी सहज चुकते आणि चुकले हे सांगत नाही. काट्याचे होकायंत्रसुद्धा गाडीपासून दहा-पंधरा पावले दूर जाऊनच वाचावे.

सूर्यावरून अंदाज घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचा काळ सोडला तर माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला कललेला असतो. त्याच्याकडे तोंड केले की पूर्व डाव्या हाताला. अ‍ॅलिस स्प्रिंग्सला वर्षभर माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला. त्याच्याकडे तोंड केले की पूर्व उजव्या हाताला आणि सूर्य उजवीकडून डावीकडे सरकतो. होप व्हेल १५ अंश दक्षिण अक्षांशावर असल्यामुळे तिथे साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो दक्षिणेला जातो. नव्या माणसाच्या वहीत पूर्व-पश्चिमेची जी अदलाबदल सापडते, तिचे मूळ बहुधा इथे असते.

चित्रीकरणात एकच कॅमेरा समोरून लावला तर हात पुढे गेला की तिरका वर गेला हे ओळखता येत नाही. दोन कॅमेरे, एकमेकांशी सुमारे काटकोनात, आणि चौकट इतकी मोठी की डोक्यावर पूर्ण ताणलेला हातही कापला जाणार नाही. मध्य ऑस्ट्रेलियात दूरची जागा दाखवताना हात जास्त उंच जातो, त्यामुळे हाताची उंची हीसुद्धा माहितीच आहे. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने चित्रण करू नये. काही फोन ते आरशासारखे उलटे साठवतात आणि पूर्वेचा हात पश्चिमेला जातो. खात्रीसाठी प्रत्येक चित्रणाच्या सुरुवातीला कागदावर लिहिलेली तारीख भिंगासमोर धरावी. अक्षरे उलटी दिसली की लगेच कळते. त्याच कागदावर बाणाने उत्तर दाखवून तो कागद जमिनीवर खऱ्या उत्तरेकडे लावून चौकटीच्या कोपऱ्यात ठेवला, तर नोंदवही हरवली तरी दिशा हरवत नाही. शिवाय पहिल्या अर्ध्या मिनिटात तोंडी बोलून ठेवावे : तारीख, वेळ, बोलणाऱ्याच्या छातीची दिशा, दोन्ही भिंगांच्या दिशा, विचारणारा कुठे बसला आहे. ध्वनी ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह स्वरूपात. कोरड्या ऋतूतल्या वाऱ्यासाठी माइकला केसाळ कव्हर हवेच. चालत बोलायचे असेल तर माइक डोक्यावर बांधायचा, हातात नाही. हात मोकळे राहिले नाहीत तर हातवारे होणार नाहीत.

गाडीतून वाटेवरच्या जागा सांगण्याचे मुद्रण फार समृद्ध येते. तिथे होकायंत्र उपयोगाचे नाही, जीपीएसची नोंद दर पाच सेकंदांना घ्यावी आणि निघण्यापूर्वी मुद्रणयंत्र, कॅमेरा व जीपीएस यांची घड्याळे एकाच वेळेला लावावीत. गाडी थांबली की जीपीएस दिशा सांगू शकत नाही, हे लक्षात ठेवून थांब्यावर हाताने नोंद करावी. पुढे एलान या मुद्रण लिहून काढण्याच्या संगणकप्रणालीत काम करताना बोलणे, शब्दशः अर्थ, मोकळे भाषांतर, हातवारे आणि तोंडाची दिशा यांना वेगवेगळे थर द्यावेत. वळण आले की दिशेच्या थरावर नवा आकडा.

वाळूवर काढलेल्या गोष्टींसाठी कॅमेरा वरून लावावा लागतो. मध्य ऑस्ट्रेलियातल्या स्त्रिया गोष्ट सांगता सांगता वाळूत रेघा ओढतात, पाने-काटक्या मांडतात, पुसतात आणि पुन्हा मांडतात. जेनी ग्रीन यांनी या परंपरेवर मोलाचे काम केले आहे. वाळूतली चूल, झोपण्याची जागा, आलेली पायवाट अनेकदा खऱ्या दिशांना धरून असतात. सांगणारीच्या मागच्या अंगाने आणि वरून, अशा दोन चौकटी मिळाल्या तर उत्तम.

तयार खेळांबद्दल सावध राहावे. नायमेखेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत १९९२ साली बनवलेला माणूस-आणि-झाड हा खेळ सर्वत्र वापरतात. दोन माणसे, मध्ये पडदा, १२ छायाचित्रांचा एक संच असे चार संच. एकाने वर्णन करायचे, दुसऱ्याने आपल्या संचातून तेच चित्र हुडकायचे. ऑस्ट्रेलियात त्यात दोन अडचणी येतात. दोघांची तोंडे एकाच दिशेला नसतील तर ‘झाडाच्या पूर्वेला’ म्हणजे चित्राची कोणती बाजू, हे दोघांसाठी वेगळे होते. आणि चित्र सपाट असल्यामुळे ते उभे धरले आहे की जमिनीवर ठेवले आहे यावर ‘वर’ म्हणजे आकाश की उत्तर हे बदलते. चित्रांऐवजी खेळण्यातली गुरे-घोडे-माणसे जमिनीवर मांडली तर हा गोंधळ टळतो. खेळण्यातल्या प्राण्यांची रांग दाखवून, माणसाला दुसऱ्या दिशेला फिरवून ती पुन्हा मांडायला लावण्याचा खेळ घेताना त्याला फक्त १८० अंशांत फिरवून भागत नाही. प्राण्यांची रांग नाक-शेपूट अशी एकमेकांशी धरून मांडली, की स्वतःच्या डाव्या-उजव्याने, हे तेवढ्याने वेगळे करता येत नाही. ९० अंशांतही फिरवून बघावे. ‘कुठे आहे’ विचारणाऱ्या ७१ चित्रांच्या संचाला जामिनजुंग किंवा अरेर्न्टे बोलणारा बहुतेक ठिकाणी एकाच सप्तमीच्या प्रत्ययाने उत्तर देतो. खेळ फसला असे समजून विद्यार्थी तो गुंडाळतात. तसे करू नये. वस्तू बसली आहे, उभी आहे की आडवी आहे हे सांगणारा शब्द तेव्हा ऐकायचा असतो.

जागेशी संबंध नसलेल्या कामातही दिशेची नोंद लागते, याचा दाखला कूक थायोर भाषकांचा आहे. केप यॉर्कवरच्याच पोर्मपुराव इथे लेरा बोरोडित्स्की आणि अ‍ॅलिस गॅबी यांनी काळाच्या क्रमाने चित्रे लावायला दिली. त्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. दक्षिणेकडे तोंड असताना चित्रे डावीकडून उजवीकडे लागली, उत्तरेकडे तोंड असताना उजवीकडून डावीकडे, पूर्वेकडे तोंड असताना स्वतःकडे येत. काळ पूर्वेकडून पश्चिमेकडे जात होता. बसण्याची दिशा लिहिली नसती तर हाती फक्त विस्कळीत आकडे आले असते.

यात एक अवघड जागा आहे आणि ती टाळून चालणार नाही. आम्ही नेमकी जागा लिहा म्हणतो, पण त्या भूमीवर प्रत्येक जागा सर्वांना सांगण्याची नसते. पुरुषांच्या जागा, स्त्रियांच्या जागा, नाव घेण्यासही बंदी असलेल्या जागा आहेत. नॉर्दर्न टेरिटरीत १९८९ च्या कायद्याने पवित्र स्थळांना संरक्षण आहे, आणि आदिवासी जमिनीवर पाय ठेवायलाही १९७६ च्या भूमिहक्क कायद्यानुसार परवाना लागतो. कॅनबेरातल्या आयात्सिस या आदिवासी अभ्यासाच्या राष्ट्रीय संस्थेची २०२० ची आचारसंहिता सांगते की संशोधन समाजाच्या नेतृत्वाखाली आणि त्यांच्या संमतीने व्हावे. त्यामुळे नोंदी दोन भागांत ठेवा. तोंडाची दिशा, भिंगाची दिशा, उतार, प्रवाह हा भाग मुद्रणाबरोबर राहील. अक्षांश-रेखांश वेगळ्या फायलीत, बंद. कोणाला उघडायचे ते त्या जागेबद्दल बोलण्याचा अधिकार असलेले लोक ठरवतील. चित्रणात दिसणाऱ्या डोंगराच्या आकारावरूनही जागा ओळखू येते, तेव्हा पार्श्वभूमीसुद्धा त्यांना दाखवून घ्या. बोलणारी व्यक्ती वारली तर तिचा आवाज आणि चेहरा किती काळ झाकून ठेवायचा, नाव घ्यायचे की नाही, हेही मुद्रणाच्या दिवशीच विचारून लिहावे. दुःखाच्या दिवसांत जाऊन विचारणे अशोभनीय आहे. आणि वेळेचे पैसे रोख, ठरलेल्या दराने, त्याच दिवशी द्यावेत. वृद्ध माणसे तासन्‌तास उन्हात बसून आपले ज्ञान देतात. त्याला उपकार म्हणून वागवू नये.

पुण्यात बसून जुन्या मुद्रणांवर काम करणाऱ्यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. आयात्सिसकडे आणि २००३ साली सुरू झालेल्या पॅराडिसेक या संग्रहात दिशेच्या नोंदीविना पडलेले साहित्य खूप आहे. चलच्चित्र किंवा छायाचित्र असेल तर सावली पाहा. तारीख, वेळ आणि गाव माहीत असेल तर सूर्य कोणत्या अंशावर होता ते गणिताने निघते. सावली त्याच्या बरोबर उलट अंशावर, आणि तिथून बोलणाऱ्याच्या तोंडाची दिशा दहा-पंधरा अंशांच्या अंदाजात मिळते. वेळ माहीत नसेल तर घराच्या छपरावरच्या सौर तावदानांकडे पाहा, ती तिकडे साधारण उत्तरेकडे तोंड करून असतात. नुसताच आवाज असेल तर नोंदवह्यांच्या समासात, पाकिटांच्या पाठीवर काही खरडलेले आहे का ते शोधा. अशा प्रकारे काढलेली दिशा ‘अनुमानित’ म्हणून वेगळ्या रकान्यात लिहावी; प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यात ती मिसळली की दोन्ही निकामी होतात.

आपल्या विभागांकडून आम्हाला तीन गोष्टी हव्यात. नोंदपत्रकात दिशेचे रकाने या सत्रापासून छापा. दोन विद्यार्थ्यांमागे एक काट्याचे होकायंत्र घ्या. आणि क्षेत्रकार्याचा पहिला स्वाध्याय वर्गाबाहेर घ्या : एका व्यक्तीला विद्यापीठाच्या फाटकापासून रेल्वे स्थानकापर्यंतची वाट सांगायला लावा, एकदा पूर्वेकडे तोंड करून आणि आठवड्याने दक्षिणेकडे तोंड करून, दोन कॅमेऱ्यांसमोर. मग विद्यार्थ्यांना हातवाऱ्यांचे अंश काढायला लावा. ज्यांना मेळघाटातल्या कोरकूवर किंवा जळगाव-जामोदकडच्या निहालीवर काम करायचे आहे, त्यांनाही हेच पत्रक चालेल. कोणाच्या भाषेत काय सापडेल हे आधी सांगता येत नाही. पत्रकाचा मराठी मसुदा आम्ही तयार करून देऊ. त्यात आपल्या सूचनांप्रमाणे बदल करू, फक्त तोंडाच्या दिशेचा रकाना काढणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
भाषा-नोंदणीच्या कामातले काही मराठी अभ्यासक